चौथ्या भागाची कैफियत

एखाद्या नामांकित मालिकेचा पुढचा भाग लोकांपुढे आला की त्याच्यावर दोन परस्परविरोधी आरोप एकाच वेळी ठेवले जातात, आणि त्यांपैकी एकातून सुटायचे तर दुसऱ्यात सापडल्यावाचून गत्यंतर नसते: आधीच्यासारखाच निघाला तर 'यात नवे ते काय', आणि वेगळा निघाला तर 'हे करायला तुम्हांला सांगितले कोणी'. कादंबरीकारांना आणि नाटककारांना हा अनुभव जुना आहे. पण संगणकावरील खेळ रचणाऱ्यांच्या वाट्याला तो अधिक तीव्रतेने येतो, कारण कादंबरी वाचकाने दोनदा वाचली तरी पुष्कळ झाले, खेळणारा मनुष्य मात्र एकाच खेळात वर्षानुवर्षे मुक्काम करतो, त्यातले आकडे त्याला तोंडपाठ होतात, आणि त्यातला एखादा नियम बदलला की आपले वतनच कोणी खालसा केले अशा संतापाने तो उठतो.

'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक' या मालिकेच्या चौथ्या भागाविषयी 2002 सालापासून जो वाद चालू आहे तो याच जातीचा. कॅलिफोर्नियातील न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग ही संस्था आणि तिचे संस्थापक जॉन व्हॅन कॅनेगम यांनी 1990 साली 'किंग्ज बाउंटी' नावाचा एक लहानसा खेळ काढला, त्यातून 1995 साली या मालिकेचा पहिला भाग निघाला, पुढच्याच वर्षी दुसरा, आणि 1999 साली तिसरा. आणि हा तिसरा भाग इतका सर्वमान्य झाला की त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक भागाला त्याच्याशी तुलनेचा तगादा चुकलेला नाही. खेळाचे स्वरूप, अपरिचित वाचकासाठी, एवढेच की प्रत्येक खेळाडूला एक नगर, काही सरदार आणि थोडी शिबंदी देऊन एका अज्ञात मुलखात सोडलेले असते. पाळीपाळीने, एकेक दिवसाच्या हिशेबाने, त्याने खाणी ताब्यात घ्यायच्या, इमारती बांधायच्या, देवदूतांपासून सांगाड्यांपर्यंत नाना योनींतील फौज उभी करायची आणि इतरांची नगरे जिंकायची. घाई नाही, बोटांची चपळाई नाही. विचार करायला हवा तेवढा वेळ आहे. अनेकांच्या रात्री याच सवलतीने खाल्ल्या.

हा वाद आम्ही ज्या दोघांच्या तोंडून सविस्तर ऐकला ती दोघे एकाच घरातली. काका जिल्हा कोषागारातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. तिसरा भाग त्यांनी आपल्या धाकट्या भावाबरोबर एकाच संगणकापुढे आळीपाळीने बसून खेळलेला, एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने गॅलरीत जाऊन उभे राहायचे असा करार करून. त्या भावाची मुलगी आज वकिली करते. तिने चौथा भाग शाळकरी वयात, उन्हाळ्याच्या सुटीत, एकटीने खेळलेला.

"अगं, तिसऱ्या भागाचे सौंदर्य त्याच्या जमाखर्चात आहे," काकांनी आरंभ केला. "नगराच्या कचेरीचे रोजचे उत्पन्न आरंभी 500 मोहोरा, ती वाढवली की 1000, आणखी वाढवली की 2000, आणि राजधानीचा दर्जा मिळाला की 4000, आणि राजधानी साऱ्या राज्यात एकच, दुसरीला मंजुरी नाही. आता पहिल्या आठवड्यात हाताशी जे काही हजार आहेत ते या कचेरीवर घालून पुढे श्रीमंत व्हायचे, की छावण्या बांधून आजच शेजाऱ्याच्या खाणी घ्यायच्या, हा सारा डावाचा गाभा. देवदूतांचे दालन उभारायला 20,000 मोहोरा पडतात, पारा, गंधक, स्फटिक, रत्ने ही वेगळीच. आणि ते उभे राहिल्यावर आठवड्याला देवदूत मिळतो एक, तटबंदी पुरती झाली असेल तर दोन, आणि प्रत्येकाला 3000 मोहोरा आणि वर एक रत्न मोजावे लागते. दालन बांधून ज्याने खजिना रिकामा केला त्याच्या दारात देवदूत उभे असतात आणि त्यांना तैनातीत घेण्याची ऐपत नसते. तुझ्या बाबांची ही फजिती मी गॅलरीतून परत येऊन पाहिलेली आहे."

"बाबा ती गोष्ट वेगळी सांगतात," पुतणी म्हणाली.

"सांगू दे. मुख्य गोष्ट ही की नवी फौज तयार होते ती आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अन्य दिवशी नाही. सातव्या दिवशी किल्ला पडला तर दुसऱ्या दिवशीची भरती तुमच्या नावे जमा. एक दिवस उशीर झाला की तीच माणसे तटावरून तुमच्यावर बाण सोडतात. या एका नियमाने साऱ्या मोहिमेला तिथी आणि मुहूर्त येतो. तुझ्या चौथ्या भागाने काय केले? भरती रोजची करून टाकली. रोज थोडे थोडे, दूधवाल्याच्या रतीबासारखे. महिनाअखेरीची धास्ती ज्या कचेरीत नाही तिथे काम होते का?"

पुतणीने या शेवटच्या वाक्याला उत्तर दिले नाही, आणि ते योग्यच केले. कोषागारातल्या माणसाशी महिनाअखेरीविषयी वाद घालू नये. तिने आपला मोर्चा सरदारांकडे वळवला.

"काका, तुमच्या हिशेबात फौज दिसते, खजिना दिसतो, सरदार कुठे आहे? तिसऱ्या भागात सैन्याला सरदारावाचून पाऊल उचलता येत नाही, म्हणून तुम्ही मद्यगृहात जाऊन 2500 मोहोरांना एक या दराने सरदार नेमता, आणि त्यांना मैलामैलावर उभे करून फौज एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती पोहोचवता. त्यांना नावे आहेत, चेहरे आहेत, एकेकाला एखादी विद्याही अवगत आहे. पण तुमच्या लेखी ते हरकारे. आणि तुमचा जो मुख्य सरदार आहे तो लढाईत काय करतो? मैदानाच्या कडेला घोड्यावर बसून राहतो, प्रत्येक फेरीत एक मंत्र टाकतो. त्याच्या अंगाला धूळही लागत नाही. शेकडो माणसे त्याच्या डोळ्यांदेखत कापली जातात आणि शेवटचा भालकरी उरला की तो पळ काढतो. थोडे पैसे टाकले की मद्यगृहात पुन्हा हजर! चौथ्या भागाने त्याला घोड्यावरून खाली उतरवले. तो रांगेत उभा राहतो, तलवार चालवतो, घाव घेतो, मरतो. मेला तर त्याचा देह बरोबर घेऊन नगरापर्यंत न्यावा लागतो. सारी फौज बुडाली तर तो शत्रूच्या तुरुंगात पडतो आणि ते नगर जिंकून त्याला सोडवावे लागते. आणि फौजेला आता सरदाराची सक्ती नाही, ती आपल्या पायांनी चालते. दूरच्या छावणीतून भरती केलेले लोक तांड्याने घरपोच येतात. हरकाऱ्यांची नोकरी बरखास्त झाली, म्हणून सरदाराला माणूस होता आले."

आमच्या मते साऱ्या वादातला हा सर्वांत सखोल मुद्दा, आणि तो खेळाच्या वंशावळीशी निगडित आहे. व्हॅन कॅनेगम यांनी 1986 साली 'माइट अँड मॅजिक' ही जी पहिली मालिका सुरू केली होती ती फौजांची नव्हतीच. मूठभर साहसी माणसे तळघरे आणि अरण्ये तुडवीत फिरतात, हळूहळू विद्या शिकतात, घायाळ होतात, अशा प्रवासाची ती होती. त्यानंतरची ही व्यूहांची मालिका त्याच नावाखाली, त्याच जगात मांडलेली असली तरी तिने हिशेबाची वाट धरली. चौथ्या भागाने ही दोन घराणी एकत्र नांदवण्याचा प्रयत्न केला. ज्यांना तो परका वाटला त्यांनी तिसऱ्या भागाच्या मागे काय होते ते पाहिलेले नसावे.

परंतु काकांचे उत्तर तयार होते, आणि तेही निरुत्तर करणारे. "माणूस झाला हे खरे, पण मग तो माणूस राहिला का? त्याला युद्धविद्या शेवटच्या पायरीपर्यंत शिकव, मंत्रांपासून संरक्षणाची विद्या दे, मृत्यूनंतर एकदा उठवणारे अमृत पाज, आणि त्याला एकट्याला शंभर राक्षसांवर सोड. तो जिंकून परत येतो. मग फौज कशाला पोसायची? ज्या खेळात एका माणसाला फौज बाळगण्याची गरजच उरत नाही त्याला व्यूहाचा खेळ म्हणायचे तरी कशाच्या आधारावर? तुम्ही सरदाराला प्रतिष्ठा दिलीत आणि शिपायाची नोकरी घालवलीत."

"हे मला मान्य आहे," ती म्हणाली. "तोल गेला. पण तोल जाणे हा आकड्यांचा दोष आहे, कल्पनेचा नाही. आकडे दुरुस्त करता येतात."

"कोणी केले?"

या दोन शब्दांपाशी संभाषण थोडे थांबले. आणि वाचकाला त्या शब्दांचे वजन कळावे म्हणून येथे थोडा इतिहास देणे प्राप्त आहे. न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग ही संस्था 1996 साली थ्रीडीओ या कंपनीने विकत घेतलेली होती, आणि चौथा भाग बाहेर पडला तेव्हा ही मालक कंपनी आर्थिकदृष्ट्या खिळखिळी झालेली होती. अनेक जणांनी मिळून खेळण्याची सोय, जिच्या बळावर तिसरा भाग घराघरांत टिकला, ती चौथ्या भागाच्या मूळ तबकडीत नव्हतीच, मागाहून आली; संगणक स्वतः जो प्रतिपक्ष चालवतो तो इतका मंद निघाला की त्याच्या स्वारीची धास्ती बाळगण्याचे कारण पडत नसे. पुढे दोन पुरवणी खंड निघाले खरे, पण 2003 साली थ्रीडीओचे दिवाळे वाजले, मालिकेचे हक्क युबिसॉफ्टने 13 लाख डॉलरांना घेतले, आणि ज्यांच्या हाताने दुरुस्ती व्हायची ते हात पांगले.

"म्हणूनच माझे म्हणणे आहे," पुतणीने वकिली सुरात सांगितले, "की आरोपपत्रे दोन करा. घाईने काढलेला, अर्धवट तपासलेला माल बाजारात आणला, ही एक फिर्याद, आणि तीत प्रतिवादी कंपनी. नियम बदलले, ही दुसरी फिर्याद, आणि तीत प्रतिवादी रचनाकार. तुम्ही लोक पहिलीचा पुरावा दुसरीत दाखल करता."

"बरे, दुसरीच घे. सात पायऱ्यांची फौज होती, त्या चार केल्या. प्रत्येक शिपायाला बढती होती, ती काढून टाकली. आठ नगरे होती, पहिल्या पुरवणीनंतर नऊ झाली, त्यांची सहा केली. सैतान आणि सांगाडे यांची वेगवेगळी राज्ये होती, त्यांना एकाच वाड्यात बिऱ्हाडे करून दिली. हा विकास की नोकरकपात?"

"पण त्या चार पायऱ्यांत निवड आहे, काका. पहिल्या पायरीवर दोन्ही प्रकारचे शिपाई मिळतात. पुढे प्रत्येक पायरीवर दोनांतून एकच. मृत्यूच्या नगरात रक्तपिपासू वेताळांचा वाडा बांधला की विषारी भुतांचा मार्ग त्या नगरापुरता कायमचा बंद. शेवटी अस्थिमय ड्रॅगन हवेत की सैतान, हेही एकदाच ठरवायचे. तिसऱ्या भागात पाचव्या आठवड्यात कोणाचेही नगर पाहा, सगळ्या इमारती उभ्या असतात आणि सगळ्यांची फौज सारखी असते. फरक फक्त कोण आधी पोहोचला याचा. तुमच्या खेळात निवड क्रमाची आहे, माझ्या खेळात निवड त्यागाची आहे."

वाक्य टाळीचे होते आणि काकांनी ते मोठ्या मनाने ऐकून घेतले. तथापि त्यात वकिली अतिशयोक्तीचा अंश आहे हे नमूद केले पाहिजे, कारण तिसऱ्या भागात पाचव्या आठवड्यापर्यंत सारे बांधून होण्याइतकी सुबत्ता सर्वच नकाशांवर लाभत नाही, आणि जिथे गंधकाची खाण शत्रूच्या दारात असते तिथे त्यागाचा प्रसंग आपोआपच येतो.

आघात-प्रत्याघाताच्या नियमावर दोघांत बरीच झटापट झाली. तिसऱ्या भागात जो आधी वार करतो त्याचा वार आधी लागतो, आणि मेलेल्यांना वगळून उरलेले तेवढे उलट वार करतात. चौथ्या भागात हातघाईच्या लढाईत दोन्ही वार एकाच क्षणी पडतात. काकांच्या मते यामुळे पुढाकाराचे मोल नष्ट झाले. तिच्या मते तुटून पडणाऱ्याची वाट पाहत शांत उभे राहणारी फौज हीच मुळात हास्यास्पद होती, आणि ज्याला पहिला वार साधायचा असेल त्याने ती खास विद्या असलेली तुकडी बाळगावी. हा मुद्दा रुचीचा असल्याने येथेच सोडतो. चित्रांविषयीही फार बोलण्याचे कारण नाही. तिसऱ्या भागाची नगरे आजही नजर खिळवतात आणि चौथ्या भागातली माणसे लाकडी चालतात, हे तिनेही नाकारले नाही. संगीताविषयी मात्र दोघांचे एकमत झाले, आणि पॉल रोमेरो व रॉब किंग यांनी चौथ्या भागाला दिलेले संगीत साऱ्या मालिकेत श्रेष्ठ असे काकाच आधी बोलले.

"नियम पवित्र असतात असे तुम्ही म्हणता," पुतणीने पुन्हा उचल घेतली, "पण आपल्या देशी बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती, राजाला एकदा घोड्याची चाल खेळता येत असे, प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की बुर्जी होत असे. हे सारे गेले, पाश्चात्त्य नियम आले, आणि बुद्धिबळ मेले नाही."

"मेले नाही, पण ते नियम पिढ्यान्‌पिढ्या खेळून घोटलेले होते. एका कंपनीने तीन वर्षांत ठरवून उद्यापासून लागू केलेले नव्हते. आणि जुन्या पटावर खेळणाऱ्याचा पट कोणी जाळला नव्हता. तुमच्या लोकांनी काय केले? राणी कॅथरीनचा एराथिया, तिच्या मेलेल्या बापाला उठवून सिंहासनावर बसवणारे ते काळे मांत्रिक, ते सारे जग चौथ्या भागाच्या प्रस्तावनेतच संपवले. दोन तलवारी एकमेकींवर आदळल्या आणि पृथ्वी फुटली! उरलेसुरले लोक एका द्वारातून नव्या जगात आले. पंचवीस ओळींत आमचा मुलूख बुडवला, ना नोटीस ना नुकसानभरपाई."

"आणि त्या नव्या जगात गॉल्डॉथ भेटला," ती हळूच म्हणाली.

गॉल्डॉथ हा अर्धमृत मांत्रिक: मृत्यूला फसवण्याच्या विधीत त्याचे अर्धे शरीर जिवंत राहिले आणि अर्धे मेले. त्याच्या मोहिमेत जे प्रसंग येतात ते त्याच्याच तोंडून, कडवट विनोदाने, कथन केलेले आहेत. जिवंतांचा द्वेष न करता मृतांचे राज्य चालवू पाहणारा हा मनुष्य, आपल्या जुन्या गुरूने साऱ्या सृष्टीवर मृत्यू पसरवण्याचा घाट घातला तेव्हा त्याच्याविरुद्ध उभा राहतो. लढाई जिंकल्यावर पडद्यावर उमटणारे ते चार परिच्छेद वाचण्यासाठी पुढची लढाई जिंकायची, अशी अवस्था खेळाडूची होते. काकांनी ही मोहीम खेळलेली नव्हती. पुतणीचा खेळ मुळात काय होता हे तिच्या या एका वाक्यावरून आम्हांला उमगले: तिला प्रतिस्पर्धी नको होता, सोबत हवी होती, आणि काकांना सोबत होतीच, ती गॅलरीत उभी होती, म्हणून त्यांना खेळात हवा होता तो चोख प्रतिस्पर्धी.

लोकमताविषयीही दोघांचे एक प्रकरण निघाले. तिसऱ्या भागाच्या पहिल्या पुरवणीत यंत्रांचे आणि शस्त्रकारखान्यांचे एक नगर यायचे होते. जादूच्या जगात यंत्रे घुसतात हे ऐकून 1999 साली खेळाडूंनी असा गिल्ला केला की रचनाकारांनी ते नगर रद्द करून त्या जागी पंचमहाभूतांचे नगर घातले. काकांना हा जनतेचा विजय वाटतो. पुतणीने त्यावर 'हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस' या, हौशी लोकांनी विनामूल्य घडवलेल्या पुरवणीचे उदाहरण पुढे केले, जीत 2023 च्या अखेरीस यंत्रांचेच एक नगर आले आणि तिसऱ्या भागाच्या कट्टर उपासकांनी ते आनंदाने स्वीकारले. "म्हणजे तुम्हांला यंत्रांचा राग नव्हता," ती म्हणाली, "नवेपणाचा होता, आणि तो चोवीस वर्षांत निवला."

"निवला नाही. या मुलांनी आधी जुन्या जगाचे रंग, जुन्या आकड्यांचे वजन अभ्यासले, आणि मग यंत्र आणले."

यात काकांची बाजू आम्हांला बळकट वाटते. पुढचा इतिहासही बव्हंशी त्यांच्याच बाजूने साक्ष देतो: 2006 साली निवाल या रशियन संस्थेने काढलेल्या पाचव्या भागाने सरदाराला पुन्हा मैदानाच्या कडेला नेले, आणि 2024 साली जाहीर झालेल्या 'ओल्डन एरा' या भागाच्या कर्त्यांनीही जुन्याच घाटाचा आधार घेतला. मात्र पाचव्या भागाच्या पुरवणीत चौथ्याचे तांडे गुपचूप परत आले, याची नोंद पुतणीने करून घेतली आहे. आणि 2015 साली तिसऱ्या भागाची जी नवी, अधिक रेखीव आवृत्ती निघाली तिच्यात मूळ दोन्ही पुरवण्या नव्हत्या, कारण त्यांची मूळ संहिताच दप्तरातून गहाळ झाली होती. ज्या ठेव्याचे एवढे कौतुक त्याची मालकांनी केलेली निगा ही अशी.

आमचा निवाडा असा की व्यूहाचा खेळ म्हणून तिसरा भाग निःसंशय श्रेष्ठ आहे. दोन माणसे समोरासमोर बसून खेळणार असतील तर चौथ्याचे नावही काढू नये. पण चौथ्या भागाचा अपराध धाडसाचा नाही, अपुरेपणाचा आहे, आणि त्याची कल्पना पुरती फुललेली पाहण्याची संधी त्याच्या मालकांच्या दिवाळखोरीने कोणालाच मिळू दिली नाही. ज्या वाचकाने यांतला एकही भाग खेळलेला नाही त्याला आमची शिफारस आहे की त्याने चौथ्यापासून आरंभ करावा, तोही गॉल्डॉथच्या मोहिमेपासून, आणि तिसरा नंतर घ्यावा. उलट क्रमाने गेले तर चौथ्याला न्याय मिळत नाही. काकांचा या शिफारशीला लेखी विरोध आहे.